‘काळ’कर्त्यांची वक्रोक्ती आणि छापखान्याचा जामीन

खारदांड्याच्या कोळीवाड्यातून खार स्थानकाच्या दिशेने निघाले, की थोड्याच अंतरात दोन मुंबया दिसतात. समुद्राकाठी होड्या, वाळत घातलेली मासळी आणि कोळ्यांची दाटीवाटीची घरे. स्थानकाकडे हॉटेले, कॅफे आणि विनोदी कार्यक्रमांचे छोटे रंगमंच. यांपैकीच एका रंगमंचावर २३ मार्च २०२५ च्या रात्री हल्ला झाला. तेथे ध्वनिचित्रमुद्रित झालेल्या एका कार्यक्रमात एका विडंबनकाराने राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांवर उपरोधिक गीत म्हटले होते आणि ते यूट्यूबवर प्रसिद्ध झाले होते. संतप्त कार्यकर्त्यांनी खुर्च्या मोडल्या, दिवे फोडले. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे पथक बेकायदा बांधकामाच्या कारणावरून हातोडे घेऊन हजर झाले. विडंबनकार त्या रात्री तेथे नव्हताच. ज्याने जागा दिली, त्याला भोगावे लागले आणि रंगमंच चालवणाऱ्यांनी तो बंद ठेवत असल्याचे जाहीर केले.

बोलणाऱ्याला गाठता आले नाही, तर त्याला जागा देणाऱ्याला गाठावे, ही युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. यूट्यूब आणि फेसबुक नसलेल्या काळात पुण्यातील एका साप्ताहिकावर ती चालवली गेली आणि यशस्वीही झाली. त्या साप्ताहिकाचे नाव ‘काळ’ आणि त्याचे संपादक शिवराम महादेव परांजपे. महाराष्ट्र त्यांना ‘काळकर्ते’ म्हणून ओळखतो. पण ‘काळ’ नेमका कशाने बंद पडला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

शिवराम परांजपे यांचा जन्म २७ जून १८६४ रोजी महाडला झाला. सावित्रीच्या काठचे हे गाव रायगडाच्या छायेत आहे आणि मराठी राज्याच्या आठवणी तेथे पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत. महाड आणि रत्नागिरी येथील शिक्षणानंतर परांजपे पुण्याला आले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्या न्यू इंग्लिश स्कूलच्या वातावरणाने त्या पिढीतील अनेकांना घडवले, तसे त्यांनाही घडवले. निबंधमालेतील भाषेचा डौल आणि शत्रूवर तुटून पडण्याची हौस या दोन्ही गोष्टी त्यांनी चिपळूणकरांकडून घेतल्या. पुढे संस्कृत विषय घेऊन ते एम. ए. झाले आणि पुण्याच्या महाराष्ट्र कॉलेजात संस्कृतचे अध्यापक म्हणून रुजू झाले.

त्यांच्या आयुष्यातील हा संस्कृतचा भाग चरित्रकार बहुधा एका वाक्यात आटोपतात. वास्तविक पुढची सारी कथा त्यातूनच निघते. व्याजस्तुती म्हणजे स्तुतीच्या आवरणाखाली केलेली निंदा. अन्योक्ती म्हणजे एकाला उद्देशून दुसऱ्याला ऐकवणे. श्लेष म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ निघणे. काव्यशास्त्राच्या ग्रंथांत पडून असलेली ही हत्यारे परांजप्यांनी घासूनपुसून राजकारणात आणली. बाणभट्टाच्या वळणाची लांबलचक, नादमय वाक्ये आणि त्यांच्या अखेरीस दडवलेला डंख, ही त्यांची शैली संस्कृतच्या अभ्यासिकेत तयार झाली होती. नाटकाचीही त्यांना ओढ होती. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वर त्यांनी ‘मानाजीराव’ हे नाटक बेतले. वक्ते म्हणून तर त्यांचा लौकिक लेखक म्हणून होता त्याहून तिळभरही कमी नव्हता.

‘काळ’चा पहिला अंक २५ मार्च १८९८ रोजी, शुक्रवारी, निघाला. या तारखेच्या मागेपुढे काय चालले होते, ते पाहिले की या माणसाच्या धाडसाचा अंदाज येतो. प्लेगच्या बंदोबस्तात झालेल्या अत्याचारांचा सूड म्हणून चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली होती. त्याच वर्षी ‘केसरी’तील लेखनासाठी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ‘काळ’ निघाला तेव्हा टिळक तुरुंगातच होते आणि महिनाभरात दामोदर चापेकर फासावर गेले. टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी सरकारविषयी अप्रीती याचा अर्थ प्रीतीचा अभाव असा लावला होता. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! फेब्रुवारी १८९८ मध्ये दंडविधानातील १२४-अ हे कलम सुधारून अधिक व्यापक करण्यात आले आणि दोन वर्गांत वैर वाढवण्याच्या गुन्ह्यासाठी १५३-अ हे नवे कलम घालण्यात आले. कायद्याची शाई वाळण्यापूर्वीच परांजप्यांनी आपले साप्ताहिक सुरू केले. शहाण्या माणसाने निवडावा असा हा मुहूर्त नव्हे.

अप्रीती हा गुन्हा ठरल्यावर लिहिणाऱ्याने काय करावे? परांजप्यांनी प्रीतीचा वर्षाव सुरू केला. इंग्रजी राज्याचे गोडवे गावेत, पण असे की वाचणाऱ्याला हसू आवरू नये. रोम आणि ग्रीस यांच्या गोष्टी सांगाव्यात आणि वाचकाने त्यांत हिंदुस्थान ओळखावा. पुराणातील राक्षसाचे वर्णन करावे, आणि त्याचा रंग व पोशाख सांगायचीही गरज पडू नये. शब्द पाहिले तर निरपराध, अर्थ पाहिला तर जहाल. तरुणांनी ‘काळ’चे अंक वाचनालयात रांगा लावून वाचले, गावोगाव एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे असे चालले. नाशिकमधील तरुण विनायक सावरकर अशा वाचकांपैकीच एक होते आणि पुढे परांजप्यांना त्यांनी आपल्या स्फूर्तिस्थानांत मानले. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा टिळकांबरोबर परांजपेही तेथे होते.

सरकारकडे या लेखनावर पाळत ठेवण्याची यंत्रणा होती आणि ती आजच्या वाचकाला विलक्षण ओळखीची वाटेल. मुंबई सरकारच्या पदरी भाषांतर खाते होते. प्रांतातील देशी भाषांतील वृत्तपत्रे तेथे दर आठवड्याला वाचली जात, आक्षेपार्ह वाटणारे उतारे इंग्रजीत आणले जात आणि त्यांचा गोपनीय गोषवारा अधिकाऱ्यांच्या मेजावर जाई. मराठी न येणारा अधिकारी त्या गोषवाऱ्यावरून ठरवीत असे की अमुक संपादक राजनिष्ठ की राजद्रोही. आता वक्रोक्तीचे भाषांतर कसे करायचे? शब्दशः केले तर इंग्रजी राज्याची स्तुती उरते. आतला अर्थ उलगडून केले तर संपादकाने न लिहिलेले वाक्य अनुवादकाने लिहिल्यासारखे होते आणि न्यायालयात ते टिकवायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो. परांजपे दहा वर्षे लिहीत राहिले, त्यात या पेचाचा वाटा मोठा होता.

आज फेसबुक, यूट्यूब, एक्स यांसारखी माध्यमे रोज येणाऱ्या अगणित मजकुराची पहिली चाळणी यंत्राकडून करून घेतात. यंत्र शब्द पाहते, चित्र पाहते, शिवी ओळखते. टोमणा ओळखताना मात्र अडखळते. त्यातही मराठीतला, मालवणीतला किंवा आगरी-कोळी बोलीतला टोमणा असेल तर विचारायलाच नको. परिणामी दोन्ही बाजूंनी चूक होते. द्वेषाचे विष गोड शब्दांत कालवून घातले तर ते सुटते, आणि द्वेषाची टिंगल करण्यासाठी त्याचीच भाषा वापरणारा पकडला जातो. सरकारी अनुवादकाला निदान मराठी येत होते.

परांजप्यांची कथा येथेच संपली असती तर चतुर लेखकाने मठ्ठ सरकारला बनवल्याची ती एक मजेदार गोष्ट झाली असती. ती तशी नाही. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे किंग्जफर्ड या न्यायाधीशाची गाडी समजून क्रांतिकारकांनी बॉम्ब टाकला आणि त्यात केनेडी कुटुंबातील दोन निरपराध स्त्रिया, आई आणि मुलगी, मृत्युमुखी पडल्या. देशभरातील वृत्तपत्रांनी त्यावर लिहिले. ‘काळ’नेही मे महिन्यात लिहिले. सरकारचा धीर सुटला होता. ८ जून रोजी स्फोटक पदार्थांविषयीचा आणि वृत्तपत्रांतील चिथावणीविषयीचा असे दोन कायदे एकाच दिवशी मंजूर झाले. दुसऱ्या कायद्याने छापखानाच जप्त करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. तीन दिवसांनी, ११ जूनला, परांजप्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली.

खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात चालला. त्यांच्या मदतीसाठी टिळक पुण्याहून मुंबईला आले आणि २४ जून रोजी सरदारगृहात त्यांनाच अटक झाली. दुसऱ्याचा बचाव करण्यास आलेला माणूस आरोपी व्हावा, असा हा प्रसंग. ८ जुलैला न्यायमूर्ती दावर यांनी परांजप्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा ठोठावली. दोन आठवड्यांनी त्याच न्यायमूर्तींपुढे टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. परांजप्यांची शिक्षा त्या गदारोळात झाकोळली आणि इतिहासातही झाकोळलेलीच राहिली.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. ‘काळ’चे लेखन हे निव्वळ विनोदी लेखन नव्हते. सशस्त्र प्रतिकाराविषयीची त्यांची सहानुभूती वक्रोक्तीच्या पडद्याआडूनही दिसत होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि नंतर दिलेल्या जबानीत जुलमाच्या हकिकती आपण ज्या वृत्तपत्रांतून वाचल्या, त्यांत ‘काळ’चेही नाव घेतले. छापलेल्या शब्दातून हातातल्या पिस्तुलापर्यंत जाणारी वाट असते की नसते, असलीच तर तिच्यावरच्या पावलांचा हिशेब कोणाच्या नावे मांडायचा, हा प्रश्न तेव्हाही खोटा नव्हता आणि समाजमाध्यमांवरील चिथावणीने दंगली पेटत असताना आजही खोटा नाही. परकीय सत्तेविरुद्ध लिहिणारा म्हणून परांजप्यांना आपण सहज निर्दोष ठरवतो. तसे ठरवताना त्यांच्या शब्दांत ताकदच नव्हती असे आपण म्हणतो की काय, याचाही विचार व्हावा. शब्दांत ताकद होती म्हणूनच तर सरकार घाबरले.

परांजपे १९०९ मध्येच, शिक्षेत सूट मिळून, सुटले. तुरुंगाने त्यांची लेखणी बोथट केली नव्हती आणि ‘काळ’ही जिवंत होता. म्हणजे राजद्रोहाचे कलम, उच्च न्यायालय, ज्युरी आणि एकोणीस महिन्यांची कैद एवढे सारे वापरूनही साप्ताहिक बंद पडले नव्हते. ते बंद पाडले एका रुक्ष कायद्याने. फेब्रुवारी १९१० मध्ये मंजूर झालेल्या या वृत्तपत्रविषयक कायद्यात संपादकापेक्षा छापखान्याच्या मालकाकडे अधिक लक्ष होते. नवा छापखाना काढणाऱ्याकडून पाचशे ते दोन हजार रुपये जामीन घ्यावा, जुन्या छापखान्यांकडून पाच हजारांपर्यंत मागावा. आक्षेपार्ह मजकूर छापला गेल्याचे सरकारला वाटले तर ती रक्कम जप्त करावी. पुन्हा छापायचे असेल तर दहा हजारांपर्यंत नवा जामीन घ्यावा आणि तरीही चूक झाली तर यंत्रासकट छापखाना सरकारजमा करावा, अशी त्याची चढती पायरी होती. आधी शिक्षा व्हायची आणि न्यायालयात दाद त्यानंतर मागायची. पुरावा, साक्षीदार, भाषांतराचा वाद यांची कटकट सरकारपुरती संपली.

त्या काळी एका सामान्य कुटुंबाच्या कित्येक वर्षांच्या मिळकतीएवढ्या या रकमा होत्या. छापखान्याचा मालक हा काही देशभक्तीच्या व्यवसायात नसतो. त्याच्याकडे लग्नपत्रिका छापायच्या असतात, पंचांग छापायचे असते, खिळे जुळवणाऱ्यांचे पगार द्यायचे असतात. एका साप्ताहिकासाठी सारे यंत्र पणाला लावायचे की दारात आलेल्या संपादकाला नम्रपणे नाही म्हणायचे? बहुतेकांनी काय उत्तर दिले असेल, ते सांगण्याची गरज नाही. वक्रोक्ती सरकारला कळो वा न कळो, छापणाऱ्याला धास्ती वाटली की पुरे. ‘काळ’कडून जामीन मागण्यात आला आणि १९१० मध्येच ‘काळ’ बंद पडला. ज्या लेखकाला न्यायमूर्ती थांबवू शकले नव्हते, त्याला अनामत रकमेने थांबवले.

आजच्या कायद्याच्या भाषेत छापखान्याच्या जागी मध्यस्थ हा शब्द आला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९ वे कलम लोकांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून फेसबुकसारख्या मध्यस्थाला संरक्षण देते, पण सरकारचा किंवा न्यायालयाचा आदेश येताच मजकूर हटवला पाहिजे, या अटीवर. संरक्षण गेले तर खटल्यांचा डोंगर. २०२१ च्या नियमांनी त्या अटी आणखी कडक केल्या. कंपनीच्या कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याने एका अनोळखी माणसाच्या विनोदासाठी तो धोका का पत्करावा? लिहिणाऱ्याला कोणी अटकही करत नाही. त्याचा मजकूर फक्त दिसेनासा होतो. २०१२ मध्ये पालघर येथे दोन तरुणींना फेसबुकवरील नोंदीवरून अटक झाली, तेव्हा देशभर संताप उसळला आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६६-अ हे कलमच रद्द केले. अटक सर्वांना दिसते. हटवलेला मजकूर कोणाला दिसत नाही, त्यामुळे संतापही उसळत नाही. सरकारी कामकाजाविषयीचा मजकूर खोटा की खरा हे सरकारच्याच कक्षाने ठरवावे, अशी तरतूद २०२३ मध्ये आली, तेव्हा तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत पुढे खारच्या प्रकरणात गाजलेला तोच विडंबनकार होता. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. परांजप्यांना शिक्षा सुनावली गेली, ते हेच न्यायालय.

‘काळ’ गेल्यावर परांजपे कथा-कादंबऱ्यांकडे, नाटकांकडे आणि इतिहासाकडे वळले. ‘गोविंदाची गोष्ट’ आणि ‘विंध्याचल’ या त्यांच्या कादंबऱ्या आज कोणी फारशा वाचत नाही आणि खरे सांगायचे तर त्यांत वाचकाला ‘काळ’मधला विद्युत्प्रवाह लागतही नाही. त्यांच्या शैलीला अंगावर घेण्यासाठी समोर सत्ता लागत असे. टिळकांच्या निधनानंतर अनेक टिळकभक्त गांधीजींपासून दूर राहिले, परांजपे मात्र असहकाराच्या चळवळीत उतरले. १९२० मध्ये त्यांनी ‘स्वराज्य’ हे साप्ताहिक सुरू केले. मुळशीच्या खोऱ्यात टाटांच्या धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा १९२२ मध्ये वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या परांजप्यांनी त्यात उडी घेतली आणि सहा महिन्यांची शिक्षा भोगली. बॉम्बविषयीच्या लेखासाठी तुरुंगात गेलेला माणूस दुसऱ्या वेळी निःशस्त्र सत्याग्रहासाठी गेला, ही गोष्ट त्यांच्यावर जहालपणाचा शिक्का मारून मोकळे होणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. १९२८ मध्ये त्यांचा ‘मराठ्यांच्या लढायांचा इतिहास’ प्रसिद्ध झाला. त्यात १८०२ ते १८१८ हा पराभवाचाच कालखंड त्यांनी निवडला होता. १९२९ मध्ये बेळगाव येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले आणि त्याच वर्षी २७ सप्टेंबर रोजी त्यांचे निधन झाले.

ज्या कायद्याने ‘काळ’ संपवला, तो १९२२ मध्ये रद्द झाला होता. पण तोवर बारा वर्षे उलटली होती आणि बंद पडलेली नियतकालिके कायदा रद्द झाला म्हणून आपोआप उभी राहत नाहीत. ‘काळ’मधील निवडक निबंधांचे दहा खंड निघाले होते, तेही सरकारने जप्त केले. त्यामुळे परांजप्यांच्या हयातीत एक मोठी पिढी अशी वाढली, की जिला काळकर्ते हे नाव माहीत होते, सभेतले त्यांचे वक्तृत्व माहीत होते, पण ज्यासाठी ते प्रसिद्ध होते ते लेखन उघडपणे विकत घेऊन वाचता येत नव्हते. जुने अंक ज्यांनी माळ्यावर जपले, त्यांच्याकडेच ते होते.

त्या खंडांवरील बंदी १९३७ मध्ये, मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर उठली. त्या मंत्रिमंडळाचे प्रमुख बाळासाहेब खेर होते. खारदांड्याहून रेल्वेमार्ग ओलांडून पूर्वेला गेले की वांद्र्याची जी खेरवाडी लागते, तिला त्यांचेच नाव आहे. बंदी उठली तेव्हा ‘काळ’ बंद पडून सत्तावीस वर्षे झाली होती आणि त्याच्या संपादकाच्या मृत्यूला आठ.